अठरा वर्षं राहिलेला निकाल

आमच्या गावच्या तालमीत हौद्याच्या वरच्या भिंतीला तीन तसबिरी होत्या. मधे मारुती, डावीकडं शाहू महाराज आणि उजवीकडं गामा पैलवान. गामाच्या तसबिरीची काच एका कोपऱ्याला तडकलेली होती. पहाटे माती उकरायला गेलो की आम्ही पोरं मारुतीला हात जोडायचो, महाराजांना मुजरा करायचो आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून गामासारखी छाती फुगवून बघायचो. गामाबद्दल आम्हाला एवढंच ठाऊक होतं की तो लंडनला गेला, सगळ्या गोऱ्यांना आस्मान दाखवलं आणि जगज्जेता होऊन आला.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तालमीच्या उंबऱ्यावर बसून आमची मेहनत बघायचे. ऐन उमेदीत त्यांनी कोल्हापुरात एका तालमीत चार वर्षं माती अंगाला लावली होती. गामाची गोष्ट निघाली की ते म्हणायचे, "लंडनात गामाची मोठी कुस्ती निकाली झालीच न्हाई. पट्टा मिळाला. निकाल न्हाई मिळाला."

आम्हाला ते पटायचं नाही. पट्टा मिळाला म्हणजे जिंकलाच की! म्हाताऱ्याला काय कळतंय, असं म्हणून आम्ही जोर मारायला लागायचो.

पुढं माझं शिक्षण दहावीला थांबलं, पण वाचायची खोड राहिली. उसाला पाणी पाजताना बांधावर बसून जे हाताला लागेल ते वाचलं. कुस्तीचं तर शोधून वाचलं. त्यात १९१० सालची हकीकत तुकड्यातुकड्यानं गोळा झाली, तेव्हा कळलं की आबा बोलत होते ते खरं होतं.

आमच्याकडं निकाल या शब्दाला वजन आहे. एकाची पाठ मातीला लागली, दोन्ही खांदे टेकले, पंचानं हात वर केला, की कुस्ती निकाली. तोवर हलगी कितीही कडकडू दे, कुस्ती झालेली नसते. ती फक्त चाललेली असते.

तर ते १९१० साल. त्या काळात इंग्लंड-अमेरिकेत कुस्ती हा पोटापाण्याचा धंदा झालेला होता. आमच्याकडं जत्रेचे फड, तसे त्यांच्याकडं तिकीट लावलेले नाटकगृहांतले खेळ. वर्तमानपत्रात आव्हान छापायचं, दोन्ही बाजूंनी पैसे लावायचे आणि गादीवर लढायचं. बहुतेक वेळा तीन झोंब्या ठरायच्या, दोन मारील तो विजयी. जगज्जेता म्हणून अमेरिकेतल्या फ्रँक गॉचचं नाव होतं. तोही आयोवा नावाच्या शेतीवाडीच्या मुलखातला, शेतकऱ्याचा पोरगा. १९०८ साली शिकागोत त्यानं जॉर्ज हॅकेनश्मिट या नावाजलेल्या मल्लाला दोन तास झुंजवून हार मानायला लावली होती.

१९१० च्या १ जूनला त्याच शिकागोत गॉचपुढं उभा राहिला स्तानिस्लाव झिबिस्को. हा पोलंडचा. खरं आडनाव त्सिगानेविच, पण आखाड्यात झिबिस्को. मान आणि खांदा एकच वाटावा असा गडी. कुस्ती सुरू झाली तेव्हा झिबिस्को सलामीचा हात मिळवायला पुढं आला असं म्हणतात. गॉचनं तो हात घेतला नाही, सरळ पायात शिरला आणि सहा-सात सेकंदांत त्याला पाडला. दुसरी झोंबी अर्धा तास चालली, तीही गॉचनं मारली. आमच्या फडात सलामीच्या हातावर कुणी असा डाव टाकला असता तर पब्लिक मैदानात उतरलं असतं. पण तिथं तो निकाल टिकला.

याच सुमाराला हिंदुस्थानातून चार पैलवान लंडनात उतरले होते. गामा, त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष, अहमदबक्ष आणि गामू. त्यांना घेऊन जाणारा बेंजामिन नावाचा साहेब, आणि खर्चाला पैसा कलकत्त्याच्या शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकाचा. गामा तोवर दतिया संस्थानच्या आश्रयानं वाढलेला, मुलखातले मोठमोठे मल्ल पाडलेला. पण लंडनला त्याचं नाव कुणाला माहीत? उंची साडेपाच फुटांच्या जराशी वर, वजन नव्वद किलोच्या आसपास. तिथले मल्ल त्याच्यापेक्षा वीतभर उंच नि वजनानं जड. सुरुवातीला त्याला जोडच मिळेना.

परगावच्या फडात गेलेल्या नवख्या पैलवानाला ही अवस्था चांगली ठाऊक असते. लांग-लंगोट बांधून मैदानाला फेरी मारायची, हात वर करून जोड मागायची, आणि पंच मंडळी म्हणतात, "थांबा जरा, बसा."

मग गामानं आव्हान छापलं. आपल्यापुढं पाच मिनिटं टिकेल त्याला पाच पौंड. तेव्हा कुठं लोक जागे झाले. ८ ऑगस्टला अलहाम्ब्रा नावाच्या नाटकगृहात त्याची कुस्ती लागली अमेरिकन मल्ल बेंजामिन रोलरशी. हा रोलर पेशानं डॉक्टर. गामापेक्षा पंधरा किलो जड. गामानं पहिली झोंबी दोन मिनिटांच्या आत मारली, दुसरी दहा मिनिटांच्या आत. डॉक्टरच्याच बरगड्या दुखावल्या. पुढं ५ सप्टेंबरला इमामबक्षनं स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला दोनदा पाडला, दोन्ही झोंब्या मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. ज्यांना बसा म्हटलं होतं त्यांच्या कुस्त्या बघायला आता तिकिटाला रांग लागली.

त्या वर्षाची हवाही लक्षात घ्यायला पाहिजे. ४ जुलैला अमेरिकेत रेनो गावी जॅक जॉन्सन या काळ्या मुष्टियोद्ध्यानं जेफ्रीज या गोऱ्या माजी जगज्जेत्याला हरवलं, आणि त्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली झाल्या, माणसं मेली. अशा वेळी हिंदुस्थानचा, म्हणजे ज्या मुलखावर इंग्रजाचं राज्य आहे तिथला एक पैलवान इंग्रजाच्या राजधानीत उभा राहून म्हणतोय, या माझ्यासमोर. गॉचला आव्हान गेलं, हॅकेनश्मिटलाही गेलं. दोघांपैकी कुणीच त्याच्यासमोर उभा राहिला नाही. कारणं काहीही असोत. उभा राहिला तो झिबिस्को. शिकागोत हरून तीन महिनेच झाले होते, तरी तो आला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१० सप्टेंबर १९१०. जागा शेफर्ड्स बुशचं स्टेडियम, जिथं दोन वर्षांपूर्वी ऑलिंपिक झालं होतं. अडीचशे पौंड आणि 'जॉन बुल' या साप्ताहिकाचा पट्टा असं इनाम. झिबिस्को गामापेक्षा वीस-पंचवीस किलो जड. कुस्ती लागली आणि पहिल्या मिनिटातच गामानं त्याला खाली घेतला. लोकांना वाटलं, झालं.

पण झालं काहीच नाही. झिबिस्को एकदा खाली गेला तो खालीच राहिला. हात-गुडघे गादीत रोवून, कधी सपशेल पोटावर पडून त्यानं सगळा भार जमिनीला दिला. गामा वरून खेचतोय, बाजूनं खेचतोय, मानेला धरतोय, पण तो बुंधा हलत नाही. अधूनमधून उठायचा नि परत खाली. एक तास झाला, दोन तास झाले. लोक ओरडायला लागले. अडीच तासांच्या वर ही कुस्ती चालली आणि शेवटी अंधार पडायला लागला म्हणून सोडवावी लागली. निकाल नाही.

दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांनी झिबिस्कोला धुऊन काढलं. पण नियमात पडून राहायला बंदी नव्हती. पाठ लागली नाही म्हणजे तो हरला नव्हता. आणि गामानं अडीच तास त्याला वर येऊ दिलं नाही, तरी तो जिंकलाही नव्हता. ठरलं की आठवड्यानं, १७ सप्टेंबरला, परत लढायचं.

१७ तारखेला गामा आला. झिबिस्को आलाच नाही. पैसे आणि पट्टा गामाला देण्यात आला. लंडन जिंकलं म्हणतात ते हे असं.

आता आबांची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून त्यांचं बोलणं कळायचं नाही.

१९६९ साली आमच्या गावच्या जत्रेत आबांची कुस्ती एक नंबरला लागली. इनाम दीडशे रुपये. त्या काळात ते थोडं नव्हतं. जोड होता नदीपलीकडच्या गावचा एक पैलवान, अंगानं आबांच्या दीडपट. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, वडिलांच्या खांद्यावर बसून बघत होतो. आबांनी एकेरी पट काढून त्याला खाली घेतलं, आणि तो पोटावर पडला. घिस्सा झाला, सवारी झाली, मोळी बांधायला गेले, पण गडी मातीला चिकटलेला. पाऊण तास गेला. दिवस बुडला, गॅसबत्त्या आणल्या. हलगीवाल्याचे हात दुखायला लागले. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि पंचाहत्तर-पंचाहत्तर रुपये दोघांच्या हातावर ठेवले.

पुढच्या जत्रेला तीच जोड परत नेमली. आबांनी वर्षभर मेहनत केली. म्हशीचं दूध घरात कुणी प्यायलं नाही, सगळं आबांच्या खुराकाला. आमच्या काकीनं त्या साली स्वतःला लुगडं घेतलं नाही. जत्रेच्या दिवशी आबा लांग घालून, अंगाला माती लावून मैदानात उभे राहिले. शड्डू ठोकला. दोनदा नाव पुकारलं, तीनदा पुकारलं. तो पैलवान आला नाही.

पंच मंडळींनी आबांच्या डोक्याला फेटा बांधला आणि पूर्ण दीडशे रुपये दिले. आबांनी फेटा राहू दिला. पैसे देवाच्या पायरीवर ठेवून घरी आले आणि न बोलता आडवे झाले. काकी म्हणाली, "पैसं मिळालं नव्हं? मग तोंड कशाला पाडलंय?" आबा म्हणाले, "निकाल कुठं हाय?"

त्यानंतर आबा दोन वर्षंच लढले. मग खांदा उतरला आणि तालमीचा उंबरा धरला.

म्हणून मला वाटतं, गामाचीही लंडनात अशीच रात्र गेली असणार. कागदोपत्री त्यानं काय लिहून ठेवलेलं नाही. पण ज्यानं कधी मातीला अंग लावलंय त्याला सांगावं लागत नाही. पट्टा कमरेला बांधता येतो. पण समोरचा आलाच नाही, ही गोष्ट कमरेला बांधून फिरता येत नाही.

गामा परत आला आणि खऱ्या कुस्त्या मारतच राहिला. अलाहाबादेत त्यानं रहीम सुलतानीवाला या सात फुटी मल्लाला हरवलं. त्याच्याशी आधीच्या कुस्त्या बरोबरीत गेल्या होत्या, म्हणजे तो हिशेब त्यानं पुरा केला. इकडं शाहू महाराजांनी १९०२ साली युरोपात जाऊन रोमचं जुनं मैदान पाहिलं होतं. तसं आपल्या पैलवानांसाठी असावं म्हणून त्यांनी कोल्हापुरात खासबाग बांधलं. मधे खोलात हौदा, भोवती चढती बैठक, कुठंही बसा, कुस्ती दिसतेच. १९१२ साली ते सुरू झालं, तेव्हा लंडन गाजवून आलेला इमामबक्ष तिथं लढला. आमच्या भागात गामाच्या घराण्याचं नाव पोचलं ते अशा वाटेनं. पंजाबचे मल्ल महाराजांच्या आश्रयाला राहिले, आमच्याकडच्या पोरांना त्यांच्याकडून डाव मिळाले. खेड्यातल्या तालमीत गामाची तसबीर लागली ती उगीच नाही.

तिकडं अमेरिकेत मात्र कुस्ती पालटत गेली. गॉच १९१७ साली वारला. पुढं धंदा करणाऱ्यांनी ओळखलं की खरी कुस्ती दोन-दोन तास पडून राहते, लोक कंटाळतात, तिकीट खपत नाही. मग कोण जिंकणार ते आधीच ठरायला लागलं. आमच्याकडं याला नुरा कुस्ती म्हणतात. आमच्या फडात एखादी नुरा कुस्ती पकडली तर पैलवानाला वर्षभर तोंड लपवावं लागतं. तिथं तोच रिवाज झाला. पट्टा कुणाला द्यायचा ते मालक ठरवणार आणि पैलवान तसं पडणार.

आणि इथं झिबिस्को परत गोष्टीत येतो. १९२५ साली मालकांनी वेन मन नावाचा एक धिप्पाड फुटबॉल खेळाडू जगज्जेता करून ठेवला होता. त्याला कुस्ती येत नव्हती, पण गर्दी खेचत होता. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात त्याच्यासमोर झिबिस्कोला उभं केलं. झिबिस्को पंचेचाळिशीच्या घरात आलेला. त्यानं पडायचं, असं ठरलेलं. पण म्हाताऱ्यानं ऐनवेळी खरी कुस्ती धरली आणि त्या जगज्जेत्याला धडाधड पाडून पट्टा घेतला. यात दुसऱ्या एका मालकाचा हात होता, पैशाचाही भाग होता. साधुसंताची गोष्ट नव्हे ही. पण ज्याला लंडनात सगळ्यांनी भित्रा म्हटलं, त्याच्या अंगात खरी कुस्ती शिल्लक होती एवढं यावरून दिसतं.

झिबिस्कोबद्दल आणखी एक मला पुढं कळलं. १९१० साली पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. तीन बादशहांनी तो वाटून घेतला होता. म्हणजे शेफर्ड्स बुशला जे दोघं गादीवर होते, त्या दोघांचाही मुलूख दुसऱ्याच्या ताब्यात होता. भोवतीनं ओरडणारं पब्लिक तिसरंच.

मग १९२८ उजाडलं. पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांनी झिबिस्कोला बोलावणं धाडलं. गामा त्यांच्या आश्रयाला होता. दोघंही आता पन्नाशीच्या आसपास. पैलवानाचं हे वय म्हणजे नातवाला माती उकरायला शिकवायचं वय. झिबिस्कोला यायची काय गरज होती? पैसा मिळणार होता हे खरं. पण पैसा त्याला तिकडंही मिळत होता. समुद्र ओलांडून, गादी नव्हे तर आपल्या मातीच्या हौद्यात, गामाच्याच मुलखात, गामाच्याच लोकांपुढं तो लंगोट बांधून उतरला.

जानेवारीतली कुस्ती ती. दूरदूरहून माणूस लोटलेला. हात मिळाले. या खेपेला झिबिस्को पोटावर पडला नाही. पडायला वेळच मिळाला नाही म्हणा, किंवा त्याला पडायचंच नव्हतं म्हणा. पुरतं एक मिनिट व्हायच्या आत गामानं त्याची पाठ मातीला लावली. लंडनात अडीच तासांत जे झालं नाही ते पतियाळात मिनिटाच्या आत झालं. मधे अठरा वर्षं गेली होती. हरलेल्या झिबिस्कोनं गामाची मोकळ्या मनानं तारीफ केली असं सांगतात.

लोक १९२८ ची गोष्ट सांगताना गामानं किती सेकंद घेतले ते मोजतात. मला त्याचं एवढं वाटत नाही. मला वाटतं ते झिबिस्को आला याचं. १७ सप्टेंबरला रिकामी राहिलेली जागा त्यानं स्वतः येऊन भरली, आणि पडायचं तर समोरासमोर पडला. गामाला निकाल मिळाला तो त्याच्या ताकदीनं, पण झिबिस्को आला नसता तर ती ताकद घेऊन तो कुठं जाणार होता? पैलवानाला एकट्यानं जिंकता येत नाही.

पुढचं आयुष्य गामाला सोपं गेलं नाही. फाळणीच्या वेळी गामा लाहोरात होता. आपल्या गल्लीतल्या हिंदू कुटुंबांना वाचवायला तो दंगेखोरांपुढं उभा राहिला, हे आजही सांगितलं जातं. राजेरजवाडे गेले, आश्रय गेला. आजारपणात आणि ओढगस्तीत १९६० च्या मे महिन्यात तो लाहोरातच वारला.

आबा थकले ते १९९४ च्या पावसाळ्यात. एक दिवस दुपारी दारात एक म्हातारा उभा राहिला. काठी टेकत आलेला, एक पाय ओढत. कान मोडलेले, म्हणून पैलवान होता हे कळत होतं. मी ओळखलं नाही. आबांनी खाटेवरूनच ओळखलं. तो नदीपलीकडचा पैलवान होता. आबांच्या उशाला बसला आणि धोतराच्या सोग्यातून बदामाची पुडी काढून ठेवली. पावशेर असतील.

बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत. मग तो म्हणाला, "त्या साली माझा गुडघा गेलता, पैलवान. कुनाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर भ्यालो म्हनले असते. न्हाई सांगितलं तरी भ्यालोच म्हनले." थोडं थांबून म्हणाला, "आलो असतो तर पडलोच असतो."

आबा म्हणाले, "पडला असतास का न्हाई ते मातीनं सांगायचं. तू न्हवं."

दोघंही हसले. काकीनं चहा केला. जाताना त्या म्हाताऱ्यानं आबांचा पंजा हातात घेतला, आपण सलामीला घेतो तसा, आणि दोघांनीही तो जरा दाबून बघितला. आबांच्या हातात तेव्हा पेला धरायचंही बळ नव्हतं.

तो गेल्यावर मी आबांच्या पायावर वाकळ टाकली. वाटलं झोप लागली. डोळे मिटलेलेच होते. पण ओठ हलले.

"आला," ते म्हणाले. "उशिरा का हुईना, आला न्हवं."